साडेतीनच्या आत फोन मिळणार नाही

"ओ ताई, फोन द्या लवकर! जीव चाललाय इथं माझा!"

त्यानं मला उद्देशून उच्चारलेलं हे पहिलं वाक्य. आता सांगा, प्रेमकथा अशी सुरू होते का कुठं? कढईत वड्यांचा घाणा, ताडपत्रीच्या भोकातून भाद्रपदातली भुरभुर नेमकी माझ्या मानेवर, समोर निळ्या युनिफॉर्मची ही गर्दी — आणि हा उंच, विस्कटलेल्या केसांचा पठ्ठ्या रांग मोडून सरळ काउंटरशी.

"जीव चालला असेल तर दवाखाना पुढच्या चौकात," मी झारा न थांबवता म्हणाले. "फोन पाहिजे तर बिल्ला काढा आणि मागं जाऊन उभे राहा."

"अहो, चहाची सुट्टी केवढीशी! त्यातली अर्धी गेली!"

"मग उरलेली भांडण्यात घालवू नका."

तो मागं गेला. जाता जाता माझ्याकडे असं काही बघितलं की... मला रागच आला. मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवते. आमची आई म्हणते, "ही पोटात व्हती तवा मी मिरच्या खुडायला जायची, त्येचं फळ हाय हे."

चाकणच्या एमआयडीसीत, महाळुंग्याच्या रस्त्याला, गाड्यांचे सुटे भाग बनवणारी एक छोटी कंपनी आहे. तिच्या गेटसमोर आमची टपरी. आई सकाळचं सांभाळते, मग मी येते. वडा, चहा आणि मोबाईल. मोबाईल विकत नाही, सांभाळते. कंपनीत नव्या गाडीचं काही गुपित काम चालतं म्हणून कॅमेऱ्याचा फोन आत न्यायला बंदी, आणि गेटवर ठेवायची सोय नाही. मग मी कुदळवाडीच्या भंगारातून लोखंडी लॉकरचं जुनं कपाट आणलं, खणाखणाला कुलूप लावलं आणि पाटी रंगवली — 'मोबाईल ठेवून घेतले जातील.' फोन द्या, नंबरचा बिल्ला घ्या, निवांत कामाला जा.

निवांत कसले! अर्ध्या पोरांचा जीव त्या कपाटात. सकाळी सव्वानऊला शेअर बाजार उघडतो आणि तेव्हा हे मशीनवर. मग भोंगा वाजला की अशी धाव घेतात, जणू आत आग लागलीय. चहाच्या सुट्टीत फोन घ्यायचा, भाव बघायचा, आणि भोंगा पुन्हा वाजायच्या आत काहीतरी करून टाकायचं. घ्यायचं नाहीतर विकायचं, पण करायचंच! बाजार पडला म्हणून कुणी विकत नाही इथं, सुट्टी संपली म्हणून विकतात. मी तीन वर्षं बघतेय. जरा नफा दिसला की घाईघाईनं विकून मोकळे आणि तोटा दिसला की एकदम वैरागी — "येईल रे वर, बघू." अरे, नफ्यात असताना कुठं जातं हे वैराग्य?

तर त्या दिवशी त्या उंच पठ्ठ्याचा नंबर आला. फोन घेतला, बोटं भराभर चालली, चेहरा लाल, मग पांढरा. मग त्यानं आमच्या बाकड्याला लाथ घातली. बाकडं आमच्या मामांनी बाभळीचं केलेलं. ते कशाला हलतंय? हा एका पायावर नाचायला लागला.

मला हसू आवरेना. "काय झालं हो?"

"मी विकला. विकल्याबरोबर वर गेला."

"मग?"

"राग आला. परत घेतला. घेतल्याबरोबर खाली आला."

"आणि मग बाकड्याला मारलं."

"हो." तो अंगठा चोळत म्हणाला, आणि स्वतःच हसला. हसताना त्याच्या डाव्या गालाला बारीक खळी पडली... मी झाऱ्याकडे बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी टपरीवर मीच होते, आणि गेट उघडायच्या आधीच तो हजर. नाव रविराज. रहाटणीचा. घरची जमीन होती, तिथं आता सोसायट्या. वडिलांनी त्याच्या नावावर ठेवलेले पैसे त्यानं बाजारात घातले, आणि बाजारानं ते घेतले. वडिलांनी आरडाओरडा केला नाही. "उद्यापासून कंपनीत जा," एवढंच म्हणाले. हे सगळं त्यानं मला पहिल्या चहातच सांगून टाकलं. मी विचारलंही नव्हतं.

"आता रोज अगदी थोडे लावतो," तो म्हणाला. "सकाळी डोकं थंड असतं. काय घ्यायचं, किती खाली गेलं की सोडून द्यायचं, सगळं तेव्हाच लावून ठेवतो. त्याला स्टॉपलॉस म्हणतात."

"मग प्रश्न काय?"

"प्रश्न मी. एकदा तोटा झाला की मी माणसात राहत नाही. सगळं वसूल केल्याशिवाय सोडायचं नाही, असं होतं. भूक लागत नाही, कोण काय बोलतंय कळत नाही." त्यानं फोन माझ्या हातात ठेवला. "मालकीणबाई, एक काम करा. साडेतीनला बाजार बंद होतो. साडेतीनच्या आत मला हा फोन देऊ नका. मी काहीही म्हणालो तरी."

"काहीही?"

"रडलो तरी. पाया पडलो तरी."

"आणि घरून खरंच काही निरोप आला तर?"

"आईला तुमचा नंबर देऊन ठेवतो."

माझ्याकडे टपरीचा एक बटणांचा साधा फोन होता. मी नंबर दिला. कसा दिला कुणास ठाऊक, मी कुणाला नंबर देत नाही. "बघा हं," मी म्हणाले, "मी एकदा नाही म्हणाले की नाहीच म्हणते."

"म्हणून तर तुमच्याकडे आलो," तो म्हणाला, आणि ती खळी पुन्हा दिसली.

झालं! त्या दिवसापासून रोजचा तमाशा. भोंगा वाजला की हा समोर.

"मालकीणबाई, ओटीपी येणार आहे. बँकेचा."

"येऊ द्या. कपाटात येईल."

दुसऱ्या दिवशी — "साहेबांनी फोटो मागितलाय, अर्जंट."

"साहेबांना सांगा कंपनीत फोटो काढायला बंदी आहे."

त्याच्या पुढच्या दिवशी चेहरा पाडून, डोळे खाली घालून — "आजी गेली माझी."

"कोणती? सोमवारी गेली ती का?"

रांगेतली पोरं खो खो हसली. तो कपाळावर हात मारून म्हणाला, "एवढं लक्षात ठेवता?" मी म्हणाले, "धंदा आहे माझा." पण तोंड फिरवल्यावर मलाच हसू फुटलं. रागाच्या माणसाला हसू फुटलं की फार पंचाईत होते. राग परत चेहऱ्यावर आणायला वेळ लागतो.

आणि एक दिवस टपरीचा फोन वाजला. "कोण बोलतंय?" बाईचा आवाज, खणखणीत.

"तेजल. चाकणहून. आपण?"

"मी जयमाला. रविराजची आई. मला एक सांग गं, ह्याचा फोन रोज तुझ्याकडे का असतो?"

माझ्या हातातली कोथिंबीर खाली पडली. "अहो काकू, तो... म्हणजे ते कंपनीत चालत नाही म्हणून..."

"ते ठाऊक आहे मला. पण घरी आला की म्हणतो, आज मालकीणबाईंनी असं झापलं, आज मालकीणबाईंनी तसं झापलं. ह्याला लहानपणापासून कुणी रागवलं की हा चार दिवस जेवायचा नाही. आणि तू रागवलेलं आनंदानं सांगत बसतो. म्हटलं, बघावं तरी कोण आहे." मग म्हणाल्या, "झाप हो तू. चांगलं झाप."

त्यांनी फोन ठेवला आणि मी कितीतरी वेळ तो बंद फोन कानालाच धरून उभी. आई बघत होती. "कुणाचा गं?" "राँग नंबर." "राँग नंबरला कुनी काकू म्हनत न्हाई," आई म्हणाली आणि कांदे चिरायला लागली.

त्यानंतर एकदा दुपारच्या सुट्टीला तो आला तेव्हा नुकती सर येऊन गेली होती, रस्त्यावरचे ट्रक चिखल उडवत होते. तो बाकड्यावर बसला. मी वाट बघत होते, आज कोणतं कारण... कारण आलंच नाही.

"फोन मागत नाही का आज?"

"नको."

"मग आलात कशाला?"

"चहाला."

"चहा आत मशीनला मिळतो. फुकट."

"मिळतो," तो म्हणाला. "पण मशीनला राग येत नाही."

मी चहा गाळत होते. गाळता गाळता कपाबाहेर गेला, बोटं भाजली. "हसू नका!" मी ओरडले. तो हसतच नव्हता. नुसता बघत होता.

आता माझ्या मूर्खपणाचं सांगते. सांगताना अजून कानशिलं तापतात.

रस्ता रुंद होणार, टपऱ्या उठणार, अशी नोटीस आली. समोरच गावातल्या यशवंतरावांनी नवी इमारत बांधलेली, खाली गाळे. "तुझ्यासाठी कोपऱ्यावरचा धरून ठेवतो पोरी," ते म्हणाले, "पण दिवाळीपर्यंत डिपॉझिट आण. पुढं मला थांबता येणार न्हाई." तीन वर्षांच्या वड्यांचे पैसे मी बँकेत साठवलेले. थोडेच कमी पडत होते. तो गाळा म्हणजे माझ्यासाठी काय होतं, ते कसं सांगू? डोक्यावर ताडपत्रीऐवजी छप्पर. आईच्या गुडघ्यांना जरा बसायला जागा. आणि शटरवर माझं नाव.

मी काय केलं? मी म्हटलं, तीन वर्षं ह्या पोरांच्या चुका बघतेय. कोण कधी घाबरतं, कोण कधी हावरटपणा करतं, सगळं पाठ. मी कशाला चुकेन? मेल्या ह्या शहाणपणाला आग लागो! दुसऱ्याच्या घरात धूर दिसला म्हणजे आपण आग विझवायला शिकलो, असं होत नाही.

मी ऑप्शनमध्ये शिरले. ऑप्शन म्हणजे सरळ भाषेत पैज, बाजार आज वर जाईल की खाली. जमलं तर पैसे दुप्पट, नाही जमलं तर दुपारपर्यंत राख. पहिले काही दिवस जमलं. काउंटरखाली माझा स्मार्टफोन, वर वडे. रविराजला सांगितलं नाही. कसं सांगणार? त्याच्या लेखी मी शहाणी होते. त्याच्या फोनची राखण करणारी. ते गमवायचं नव्हतं मला.

मग गेले. एका सकाळी थोडे गेले. दुसऱ्या सकाळी जास्त. मला दुःख नाही झालं, हं. राग आला. असा राग, की जणू कुणी माझ्याकडे पोटभर खाऊन पैसे न देता पळून गेलंय आणि मी त्याची कॉलर धरायला मागं लागलेय. माझे पैसे आहेत ते! भल्या पहाटे उठून सोललेल्या बटाट्यांचे! ठेव खाली! गिऱ्हाइकांवर खेकसले, आईला बोलले, चहात साखर घालायची विसरले. रविराजनं विचारलं, "बरं नाही का?" मी म्हणाले, "तुमचं काम बघा."

आणि मग तो दिवस उजाडला. सकाळी लावलेले सगळे गेले. तोटा झाला की सोडून द्यायचं, म्हणून मी ठरवलेला आकडा होता ना — तो आकडा आला तेव्हा मी तो खाली सरकवला. पुन्हा आला, पुन्हा सरकवला. शेवटी हाताला काही लागलं नाही, मी बाहेर पडले. गाळ्याच्या पैशांतला चांगला मोठा वाटा गेला होता. उरलेले बँकेत होते. मी ते सगळे, सगळेच्या सगळे, ट्रेडिंगच्या खात्यात घेतले. एकदाच. एकदा लावते, सगळं वसूल करते आणि पुन्हा ह्याचं नाव घेत नाही.

जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला. पोरं आली. "तेजूताई, फोन!" "तेजूताई, दोन वडे!" मी किल्ल्यांचा जुडगा काउंटरवर आदळला. "घ्या आपापलं!" कढईतले वडे काळे पडले होते. मला वास आला नाही.

रविराजला आला. तो पुढं झाला, गॅस बंद केला. मग त्याची नजर माझ्या हातातल्या फोनवर गेली. त्या पडद्यावरच्या लाल-हिरव्या रेघा त्याला सांगायला नकोत.

"तेजल," तो हळूच म्हणाला. आजवर कधी नावानं हाक मारली नव्हती. "तो फोन इकडे द्या."

"नाही."

"साडेतीनच्या आत..."

"ते तुमच्यासाठी! मला नका शिकवू!"

"किती गेले?"

"तुला काय करायचंय? तू कोण मला विचारणारा? तुझे गेले तेव्हा मी आले होते का?"

'तू' कधी झालं, मला कळलंसुद्धा नाही. पोरं आपापले फोन घेऊन बाजूला सरकली. माझं बोट बटणावर होतं. थरथरत होतं.

त्यानं माझा हात धरला नाही. फोन हिसकावला नाही. नुसता खिशातून आपला बिल्ला काढला आणि काउंटरवर ठेवला.

"ठीक आहे. मग माझा फोन दे."

"काय?"

"माझा फोन काढ कपाटातून. तू जेवढे लावशील तेवढे मी लावतो. माझ्याकडे पगाराचे आहेत, आईनं ठेवायला दिलेले आहेत. दोघं मिळून लावू. बाजार आपल्याला भितो का बघू."

"वेडा झालायस का?"

"झालोय. तू पण झालीयस. दे फोन."

"नाही देणार!"

"का?"

"अरे, धुऊन जाशील! डोकं ठिकाणावर आहे का? चिडून लावलेला पैसा कधी परत आलाय? तूच सांगत होतास ना, अशा वेळी तू माणसात नसतोस म्हणून? हात थरथरतोय तुझा, बघ! असल्या हातात मी फोन देईन? मेले तरी देणार नाही!"

त्यानं फक्त माझ्या हाताकडे बघितलं.

मीही बघितलं.

भोंगा वाजला. गेटवरून वॉचमन कोंडाजी ओरडला, "ए रविराज! गेट लावतोय राव! नंतर आत घ्यायचा न्हाई हं!" पोरं पळाली. रविराज हलला नाही. गेट लागलं.

"जा ना!" मी किंचाळले. "खाडा पडेल!"

"पडू दे. आधी सांग, एवढा राग कुणावर?"

"बाजारावर! त्या मेल्या बाजारावर!"

"त्याला तुझं नाव माहितीये?"

"काय?"

"बाजाराला. तुझं नाव माहितीये का? तू पहाटे उठतेस, मिरच्या वाटल्यावर तुझे हात रात्रभर चुरचुरतात, तुला कोपऱ्यावरचा गाळा पाहिजे, हे त्याला ठाऊक आहे का? ज्याला तुझं नावगाव माहीत नाही त्याच्याशी कसलं भांडतेस? मी वर्षभर भांडलो. त्याला पत्ताच नव्हता मी भांडतोय म्हणून." त्याचा आवाज चिरकला. "रागवायचंच असेल तर माझ्यावर रागव. मला तुझं नाव माहितीये."

मी त्याला वडा फेकून मारला. जळका. तो त्याच्या छातीवरच्या ओळखपत्राला लागून खाली पडला. मग दुसरा मारला. मग मी काउंटरखाली बसले आणि रडले. रडतानासुद्धा रागच होता. स्वतःचा होता, आणि तो बरोबर बोलला याचाही होता. बरोबर बोलणाऱ्या माणसाचा राग सगळ्यात जास्त येतो. तो येऊन शेजारी बसला, कांद्याच्या पोत्यावर. मी फोन बंद करून त्याच्या मांडीवर टाकला.

ताडपत्रीवर पाऊस वाजत होता. तो म्हणाला, "मी तुला पैसे..." मी म्हणाले, "एक शब्द पुढं बोललास तर ही कढई मारीन." तो म्हणाला, "बरं."

मग तो बोलायला लागला. थांबत, अडखळत. "सुरुवातीला आत मशीनवर उभा राहिलो की बाजार डोक्यात असायचा. मग... आज तुला कोणतं कारण सांगायचं, ते डोक्यात यायला लागलं. आजी दोनदा मारली मी त्यात. मग कारण पण राहिलं नाही. नुसती तूच..." त्यानं खाली पडलेला वडा उचलून उगाच हातात फिरवला. "तेजल, तू मला रोज नाही म्हणतेस. एवढे दिवस नुसतं नाही, नाही, नाही. एकदा हो म्हणशील?"

डोळे पुसले, नाक पुसलं. पिठाचे हात होते, गालाला पीठ लागलं असणार. ते तो बघत होता हे मला दिसत होतं.

"साडेतीनच्या आत नाही," मी म्हणाले.

तो इतक्या मोठ्यानं हसला की कोंडाजी गेटवरून डोकावला.

आम्ही थांबलो. मी नवा घाणा काढला, त्यानं कांदा चिरला — जाड चिरला, मी बोलले, मग बारीक चिरला. साडेतीन वाजले. मी हात पुसून विचारलं, "बाजार शेवटी कुठं गेला असेल रे? मी लावले असते तर..."

"बघायचं नाही."

"एकदाच."

"नाही. वर गेला असेल तर नव्यानं राग येईल, खाली गेला असेल तर उगाच शहाणपण चढेल. दोन्ही नको."

आम्ही आजवर बघितलेलं नाही. रस्त्यावरून एक कंटेनर धडधडत गेला, आणि त्या आवाजात मी म्हणाले, "हो."

"काय? ऐकू नाही आलं."

"एकदा म्हणाले ना! किती वेळा सांगू?" मी ओरडले. त्याला ऐकू आलं होतं. खळी पडली होती ना!

गाळा गेला. दिवाळीला यशवंतरावांनी तो दुसऱ्याला दिला, त्यांचंही बरोबर होतं. आईला मी सगळं सांगितलं तेव्हा आई आधी खूप बोलली, मग जेवायला वाढलं, वाढतानाही बोलली, मग म्हणाली, "आपलं हात शाबूत हायेत. पुन्यांदा साठवू." टपरी उठली आणि आम्ही रस्त्यापलीकडे जुन्या टेंपोत दुकान थाटलं. शटर नाही, नाव आहे. उरलेले पैसे बँकेत आहेत आणि ते खातं ट्रेडिंगला जोडलेलं नाही. मला अजून त्या कोपऱ्यावरून जाताना संताप येतो. येऊ दे.

कपाट टेंपोतही आहे. त्यातल्या शेवटच्या खणाला आता दोन कुलपं आहेत. आत दोन फोन, त्याचा आणि माझा. एका कुलपाची किल्ली माझ्या गळ्यात, दुसरी त्याच्या खिशात, कंपनीच्या आत. गिऱ्हाइकानं क्यूआरवर पैसे टाकले की सांगायला काउंटरवर डबी बोलतेच, आणि घरच्यांसाठी बटणांचा फोन आहे. आई म्हणाली, "ह्ये काय गं नवीन? एका खनाला दोन कुलपं?" मी म्हटलं, "दोघं आल्याशिवाय उघडत नाही." आईनं कुलपांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "मग जयमालाबाईला फोन लाव," ती म्हणाली. "बोलनी करायला कवा येत्यात इचार."

काल पाचचा भोंगा होऊन गेला, सगळी पोरं फोन घेऊन गेली, आणि ह्याचा पत्ता नाही. अंधारून आलं. मी टेंपोचा फाळका आपटून लावला, पुन्हा उघडला. शेवटी आला, तेलकट हातानं घाम पुसत.

"उशीर का?" मी कमरेवर हात ठेवून उभी.

"मशीन बंद पडलं होतं. रागावलीस?"

"हो."

"कुणावर?"

"तुझ्यावर! आणखी कुणावर?"

"मग हरकत नाही," तो म्हणाला, आणि खिशातून किल्ली काढली.